संथ गाण्यातली टाळी

४ मार्च

दादा,

पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलं असं समज. मला आत्ता राग आलाय आणि रागात मला नमस्कार सुचत नाही.

तुझं पार्सल मिळालं. आत एक डिस्क आणि छापल्यासारख्या अक्षरात चिठ्ठी: 'शेवटच्या कार्यक्रमाची संपूर्ण स्वच्छ आवृत्ती. हेडफोन लावून ऐकणे. जुनी कॉपी नियमाप्रमाणे पुसून टाकणे.' दोन वर्षांनी सख्ख्या बहिणीला पाठवलेल्या पाकिटात एवढंच. कशी आहेस, जिवंत आहेस का, काही नाही. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासून तुझी ही गत झालीय. समोरच्यानं काय लिहिलंय ते तुला दिसत नाही, चुका मात्र बरोब्बर दिसतात.

ऐकली. आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील हिला कानच नाहीत. आपल्या लाडक्या बँडची बास गिटार इतकी मोकळी मी त्या दिवशी हॉलमध्येसुद्धा ऐकली नव्हती. तिसऱ्या गाण्यात जो 'टण्ण' आवाज येतो तो इतकी वर्षं आपण कुणाची तरी बाटली पडल्याचा समजत होतो. ती गिटारची तार तुटते, हे तुझ्यामुळे कळलं. तो खोकणारा माणूसही गेला. छान झालं, त्याने फार पिडलं होतं आपल्याला.

पण संथ गाण्यातली टाळी कुठे आहे?

दादा, टाळी कुठे आहे? टेपा जमवणारी आपली सगळी टोळी जिला 'टाळीवाली टेप' म्हणून ओळखते, त्या टेपमधली टाळीच तू काढलीस? गायक एकटा गातोय, मागे फक्त ड्रम, आणि माइकच्या अगदी तोंडाशी कुणीतरी प्रत्येक वेळी अर्धा ठोका मागे राहून टाळ्या वाजवतंय. त्या माणसाला किती लोकांनी किती शिव्या घातल्या असतील याची गणती नाही. आणि तो माणूस शेजारी बसून गालातल्या गालात हसत त्या शिव्या ऐकायचा. कुणाला कळायचं नाही की तो माझा नवरा, आपला बॉबिन आहे. तुला, मला आणि त्याला, तिघांनाच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी टोळी जमली तेव्हा तू उठून त्याच्याकडे बोट दाखवलंस. 'हाच तो! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग या शिंप्याने नासवलं!' सगळे हसले. तो हसला नाही. आम्ही जेवायला न थांबता निघालो, आणि तेव्हापासून तुझं-आमचं बोलणं बंद. तेही असो.

आता जे लिहितेय ते लिहू नकोस असं त्याने मला सांगितलंय. सांगितलंय म्हणजे मान हलवली. जानेवारीत दुकानात कापड बेतता बेतता तो टेबलावर आडवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं जवळजवळ नाहीच. उजव्या हाताने चमचा धरतो, बाकी सगळं मी करते. दाढी मीच करते, कापते थोडं, तो ओरडत नाही. दुकान उघडं ठेवलंय, काजं-बटणं, उसवलेलं शिवणं एवढी कामं घेते.

तुझी डिस्क आली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, याला जरा करमेल. लावली. चार गाणी तो बरा होता, उजव्या पायाने ठेकासुद्धा धरला. संथ गाणं सुरू झालं तसा तो सरसावून बसला. माझ्याकडे बघून एक भुवई उडवली, आता बघ म्हणून. पहिली टाळी यायची ती जागा आली आणि गेली. दुसरी गेली. कडवं संपलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं ते संध्याकाळपर्यंत.

तर जुनी टेप पाठव. मूळ किंवा तिची कॉपी, काहीही. आमची कॉपी दुकानातल्या प्लेअरने कधीच खाल्ली. मी दुसरी मागितली नाही, कारण मूळ तुझ्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त होते. फोन करत नाही, फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस.

तुझी, अजून तरी, बहीण


१९ मार्च

दादा,

तीन पानं! मी एक टेप मागितली आणि तू मला तीन पानं पाठवलीस. कॉम्प्युटरवर टाळीचा एकेक आवाज हुडकून कसा पुसला, त्यात सहा-सात महिने कसे गेले, शेजारच्या ठोक्याला धक्का लागू नये म्हणून काय काय केलं. शेवटी कागदाच्या कडेला: 'बॉबिनला लवकर बरं वाटो.' रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातली तुझी तऱ्हा.

बरं वाटो म्हणून बरं वाटत नसतं. ऐक जरा. व्यायाम घ्यायला एक बाई येते, तरुण आहे, चिवट आहे. ती म्हणते, उजव्या हाताने डावा उचलायचा, मांडीवर आणायचा, दोन्ही तळवे एकमेकांना लावायचे. दिवसातून जमेल तितक्या वेळा. नाही केलं तर हात तसाच आखडून जाईल, मग देवही काही करू शकणार नाही. हा ऐकतो, आणि काही करत नाही. डाव्या हाताकडे बघतसुद्धा नाही. शिंप्याचा डावा हात म्हणजे काय ते तुला काय सांगू, कापड सुईखाली सरकवतो तो तोच. ती बाई हात धरायला गेली की हा डोळे मिटून घेतो.

मी तिला टाळीची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, काकू, ती टेप आणा, त्या नादाने तरी हात पुढे येईल. म्हणून टेप हवी. कळलं? मत नको, टेप हवी.

आणि तू लिहितोस, 'मुळात त्याला टाळी वाजवू नकोस म्हणून बजावलं होतं.' बजावलं होतं, मान्य. मी तिथेच होते. चोरून टेप करणारा म्हणून तुझा चेहरा दारावरचे रखवालदार ओळखायला लागले होते, तुझी झडती झाली असती, म्हणून रेकॉर्डर माझ्या पर्समध्ये आणि माइक बॉबिनच्या कोटात घालायचं ठरलं. त्याने स्वतःच्या हाताने अस्तर उसवून छातीशी माइक असा बसवला की रखवालदाराने दोनदा चाचपलं तरी हाताला लागला नाही. बाहेरच्या गल्लीत तू त्याला धडा दिलास: शिट्टी नाही, खोकला नाही, टाळी नाही, श्वास जपून घे. बिचारा निम्मा कार्यक्रम दगडासारखा बसला होता. मी त्याच्या कानात काहीतरी बोलायला गेले तर त्याने बोट ओठांवर ठेवून कोटाकडे दाखवलं. मग संथ गाणं आलं आणि त्याचं भान सुटलं. अरे, माणूस होता तो, माइकचा स्टँड नव्हता!

तू टाळी वाजवली नाहीस त्या दिवशी. एकदाही नाही. रेकॉर्डरचा काटा बघत बसला होतास. मला वाटतं आपल्या तिघांत कार्यक्रम खरा बघितला तो बॉबिननेच.

एका गोष्टीवर भांडल्याशिवाय राहवत नाही. तू लिहितोस, शेवटच्या कडव्यात ड्रमवाला थकतो आणि लय पाडतो, आता टाळी नसल्यामुळे ते स्पष्ट कळतं. थकतो? त्यानंतर त्याने तीन गाणी झोडपून काढली, तो थकतो? तुझे कान साफ कर आधी, रेकॉर्डिंग मागाहून. तो रेंगाळतो हे मलाही ऐकू आलं, पण थकलेला हात असा वाजत नाही. का रेंगाळतो ते मला माहीत नाही.

बघ, तू मला परत यातच ओढलंस. टेप पाठव.

तुझी बहीण


७ एप्रिल

दादा,

पार्सल बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दोरा दाताने तोडला. आत काय, तर 'स्वच्छ आवृत्ती, सुधारित'. सोबत चिठ्ठी: 'पहिल्या आवृत्तीत दोन टाळ्यांचे पुसट अवशेष राहिले होते. क्षमस्व. तेही काढले आहेत.'

कपाळावर हात मारून घेतला. दादा, तुला मराठी वाचता येतं ना? मी टाळी मागितली आणि तू उरलीसुरली पण काढलीस, वर क्षमा मागतोस!

तुझी वाट बघण्यात अर्थ नाही म्हणून मी टोळीला लिहिलं. कुणाकडे तरी जुनी कॉपी असेल म्हणून. काय झालं ते सांगते, तुलाच ऐकायला पाहिजे.

दातांचे डॉक्टर लिहितात, 'ताई, मी तर पार्सल आलं त्याच दिवशी पुसली हो. दादांचा शब्द म्हणजे शब्द. चांगली कॉपी आली की जुनी ठेवायची नाही, नाहीतर वाईट कॉपीच्या कॉप्या निघत राहतात.' पुढे चार पानं. की मुळात हा शेवटचा कार्यक्रम लोक उगाच डोक्यावर घेतात, खरा कार्यक्रम त्याच्या आधीच्या वर्षीचा, क्रीडा संकुलातला. तेव्हा गायकाचा गळा शाबूत होता आणि पुलाच्या गाण्यात तो श्वास न घेता अख्खी ओळ खेचतो. मला काय करायचंय त्या पुलाचं! तरीपण मी ते ऐकून बघितलं. मधे श्वास घेतो. मी डॉक्टरांना तसं कळवलंय.

शिट्टीमास्तरांचा फोन आला. शाळेत कवायत घेणारे ते, ज्यांची शिट्टी आपल्या निम्म्या टेपांत आहे. पुसली, म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, 'दादांना सांगू नका, पण चुटपुट लागलीय. टाळी येणार, टाळी येणार म्हणून जीव मुठीत धरून ऐकायची सवय. आता ते गाणं नुसतंच संपतं. बायकोला ऐकवलं तर म्हणाली, हे काय घरात बसून वाजवलंय?' आणखी चारजणांना विचारलं, चौघांनी पुसली. एरवी वर्गणी द्या म्हटलं तर एकाचा हात खिशाकडे जात नाही, पण तू पूस म्हटलंस आणि सगळे आज्ञाधारक!

फक्त बेकरीवालीने काहीतरी दिलं. तिच्याकडेही टेप नाही. पण ती त्या दिवशी वर बाल्कनीत होती, अगदी ड्रमच्या बाजूला, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. ती लिहिते, संथ गाण्यात खालून कुणाचीतरी टाळी चुकत होती ती वरपर्यंत ऐकू येत होती. गायक वैतागला होता. पण ड्रमवाल्याने मान वर करून बघितलं, तो हसला, आणि शेवटच्या कडव्यात त्या टाळीसाठी थांबायला लागला. टाळी पडली की मग त्याचा ठोका. ती म्हणते, 'मी त्याला काठी हवेत धरून वाट बघताना बघितलंय. मला वाटलं होतं हे सगळ्यांना माहीत असेल.'

घे! थकला नव्हता तो, थांबला होता. बॉबिनसाठी. आणि तू ज्याच्यासाठी तो थांबला तो आवाज काढून टाकलास आणि वर त्यालाच थकलेला म्हणतोस. उंटावरचा शहाणा.

ते पत्र मी बॉबिनला वाचून दाखवलं. त्याने पत्रावर बोट ठेवलं, म्हणजे परत वाच. परत वाचलं. मग परत. चौथ्यांदा मी म्हटलं, पुरे आता, भात करपेल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी ती व्यायामवाली आली तर याने आपणहून डाव्या हाताकडे बघितलं. उचलला नाही, पण बघितलं. ती म्हणाली, काकू, टेपचं बघा लवकर, लोखंड तापलंय.

दादा, आता मी रागावत नाही, हात जोडते. मूळ कॅसेट तुझ्याकडे आहे. त्या हिरव्या डबीतली, जिला तू कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हतास. ती पाठव. हवं तर मी स्वतः येऊन घेऊन जाते, शेजारणीला याच्यापाशी बसवते. एका ओळीत उत्तर दे. हो किंवा नाही.


२३ एप्रिल

दादा,

तुझी एक ओळ मिळाली.

'मूळ कॅसेटही पुसून तिच्यावर स्वच्छ आवृत्ती घेतली आहे; नियम सगळ्यांना सारखा.' मधे अर्धविराम. एवढी मोठी गोष्ट लिहिताना तुझा अर्धविराम जागच्या जागी आहे.

मी ती ओळ कितीदा वाचली. मला वाटलं चेष्टा करतोय. मग आठवलं, तुला चेष्टा येत नाही. तू खरंच पुसली असशील. रात्रंदिवस खपून आवृत्ती तयार केली असशील, आणि मग कुणी म्हणू नये की इतरांना पुसायला लावलं आणि स्वतः ठेवली, म्हणून ती हिरवी डबी काढून, आपल्या हाताने, त्या रात्रीवर दुसरं काहीतरी घेतलं असशील. आणि वर तुला अभिमानही वाटला असेल. अख्ख्या जगात दुसऱ्या कुणाला असला मूर्खपणा सुचला नसता. चोराने चोरली असती तर मी समजले असते.

आणि कॉम्प्युटरमध्येही नाही ना? म्हणजे तू जे काढलंस ते कुठेच नाही. शिट्टीमास्तर म्हणाले की काढलेलं कधीकधी वेगळं राहतं. तुझं नसणार. तू केर काढलास की केराची टोपलीपण धुऊन ठेवतोस, मला माहीत आहे.

बॉबिनला सांगावं लागलं. रोज दाराकडे बघायचा, पोस्टमन गेला की माझ्याकडे. किती दिवस लपवणार? सांगितलं. तो तोंड वाकडं करून, कष्टाने, एकच शब्द म्हणाला. 'नि... यम.' आणि अर्ध्या चेहऱ्याने हसला. तुझ्यावर रागावला नाही रे तो! मला त्याचाच जास्त राग आला. मी तुझ्या नावाने ओरडत होते आणि तो मला उजव्या हाताने खाली बस म्हणून खुणावत होता.

त्या दिवसापासून हाताकडे परत बघणंसुद्धा नाही. व्यायामवाली दोनदा आली, दोनदा त्याने पांघरूण ओढून घेतलं. काल ती जिन्यात मला म्हणाली, मनाविरुद्ध हात हलवता येतो, काकू, पण त्याचा उपयोग होत नाही. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा येईल. मग ज्यांना करायचंय अशांकडे जाईल, तिचंही बरोबर आहे.

मला तुझ्याकडून आता काही नको. तुझं पाकीट आलं तर मी उघडणार नाही. आवृत्ती तिसरी, आवृत्ती चौथी, सगळ्या तिकडेच ठेव, एकावर एक रचून. त्यात एकही चूक नसेल आणि त्यात एकही माणूस नसेल.


११ मे

दादा,

लिहिणार नव्हते. पण झालं ते तुला सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगून ते कळणारही नाही. बघ काय नशीब आहे.

परवा दुपारची गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बॉबिनला मी आतल्या खोलीतून आणून मशीनशेजारच्या खुर्चीत बसवलं होतं. एका पँटची शिवण उसवत होते. हाताला काम होतं, डोक्याला नव्हतं, तर तुझ्यावरचा राग परत वर आला. म्हटलं, एवढं केलंय तरी काय या शहाण्याने, शांतपणे एकदा ऐकू तर खरं. आणि तुझी ती सुधारित लावली. शिव्या घालायलाच लावली, खोटं कशाला बोलू. प्रत्येक गाण्याला काहीतरी खोट काढत होते, मोठ्याने. 'बघ, इथे तर पब्लिकच मारून टाकलंय यानं.' बॉबिन ऐकत होता की नाही कोण जाणे. खिडकीबाहेर बघत होता.

संथ गाणं सुरू झालं तेव्हा बंद करायला उठले. तुझी शपथ, बटणावर बोट होतं. मागून आवाज आला. फट्.

ओला कपडा दगडावर पडावा तसा. मला वाटलं काहीतरी पडलं. परत, फट्. वळून बघते तर त्याने डावा हात उचलून मांडीवर आणून ठेवला होता, तळवा वर करून. कधी आणला मला कळलंही नाही. आणि उजव्याने त्याच्यावर टाळी मारत होता. डोळे मिटलेले. अर्धा ठोका मागे. बरोब्बर तितकाच मागे, दादा, केसभर इकडे नाही की तिकडे नाही!

मी तशीच उभी राहिले. हसू की रडू कळेना, दोन्ही केलं. तू त्याची टाळी काढलीस ना, तिथे जागा मोकळी होती, तो जाऊन बसला. आणि मग शेवटचं कडवं आलं. तुझ्या त्या स्वच्छ सामसूममध्ये ड्रमवाला थांबला, जसा त्या दिवशी थांबला होता, आणि बॉबिनची टाळी पडली, आणि मग त्याने ठोका दिला. टाळी, ठोका. टाळी, ठोका. एकदाही चुकलं नाही. ज्या माणसाला आयुष्यात कधी ताल धरता आला नाही त्याला ड्रमवाला सांभाळून नेत होता, आणि हा खुर्चीत बसून त्याच्या भरवशावर पुढे चालला होता.

गाणं संपलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि बोट गोल फिरवलं. परत लाव.

मी म्हटलं, थांब जरा. माळ्यावरून तो जुना रेकॉर्डर काढला, धूळ पुसली, कॅसेट घातली, आणि त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला. मग परत लावलं.

ती कॅसेट सोबत पाठवतेय. आधीच सांगते, यात सगळ्या चुका आहेत. रस्त्यावरचा हॉर्न आहे. दुसऱ्या कडव्यात मी नाक ओढलंय. गायक सुरू झाला तेवढ्यात समोरच्या लाँड्रीवाल्याने दारातून विचारलंय, 'पँटची चेन झाली का हो?' आणि मी त्याच्यावर 'शूऽऽ' केलंय ते गायकापेक्षा मोठं आलंय. टाळी ठिकठिकाणी हुकलीय, डावा हात मधेच मांडीवरून घसरला, तो त्याने परत उचलून ठेवला, तेवढ्यात दोन ठोके गेले. शेवटच्या कडव्यात मात्र ऐक.

व्यायामवाली आली तेव्हा मी काही बोलले नाही, नुसतं गाणं लावलं. तिने बॅग खाली ठेवली आणि कोपऱ्यात बसून राहिली. आता ती रोज येते, आणि रोज तेच गाणं. मला ते गाणं आता नको झालंय, खरं सांगते. काल डाव्या हाताची करंगळी हलली असं तिला वाटलं. मला दिसलं नाही. त्याचे डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. धरत नाही. पण दुकान बंद करताना मी रोज त्या करंगळीकडे बघते.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. त्या रात्रीची टेप तू पुसलीस ती पुसलीस, ती मी तुला कधी माफ करणार नाही, आणि मला माहीत आहे की तू कधी माफी मागणारही नाहीस. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. राहू दे तसंच. या वयात आपण दोघं बदलायला बसलो तर हसतील लोक.

पाकीट बंद करत होते तर बॉबिनने हाताने थांबवलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी वाट बघितली. फार वेळ लागतो त्याला, घाम येतो, मला मधे बोलायचं नसतं आणि मी बोलते, मग तो चिडतो. शेवटी चार शब्द जमले, जानेवारीनंतर पहिल्यांदाच एकापुढे एक. 'दादाला... विचार... कशी झाली.'

तर विचारते. कशी झाली? हेडफोन लावून ऐक, आणि लगेच लिही. तुझ्या पद्धतीने लिही, तीन पानं लिही, चुका काढ, टाळी कुठे चुकली ते लिही, हात कुठे घसरला ते लिही. खोटं कौतुक केलंस तर त्याला लगेच कळेल. तो खिडकीत बसून पोस्टमनची वाट बघतोय, आणि तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

तुझी बहीण